पहिली फटफटी

दसरा जवळ आला की निपाणीपासून बेळगावपर्यंत वाहनांच्या दुकानांतून एक निराळीच लगबग सुरू होते. नवी गाडी मुहूर्तावर घरी न्यावी, तिला झेंडूची माळ घालावी, अशी सर्वांची हौस असते. कोणी ती देवळापुढे उभी करतो, कोणी चर्चच्या अंगणात फादरांकडून तिच्यावर आशीर्वादाचे पाणी शिंपडून घेतो. परंतु माळ घालण्यापूर्वी गाडी कोणती घ्यावयाची हे ठरावे लागते, आणि ज्याने आजवर केवळ सायकल चालविली आहे अशा तरुणाच्या बाबतीत हा निर्णय वाटतो तितका सोपा नसतो.

अशाच एका घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. निपाणीतील वीस-एकवीस वर्षांचा एक तरुण. त्याला कागलच्या औद्योगिक वसाहतीत नुकतीच नोकरी लागली आहे. घर कर्नाटकात, काम महाराष्ट्रात, आणि मध्ये दूधगंगेचा पूल. पाळी सुटते तेव्हा अनेकदा बसची वेळ टळून गेलेली असते. म्हणून गाडी हवी. हजार विड्यांमागे ठरलेल्या मजुरीतून आईने त्यासाठी काही रक्कम बाजूला टाकली आहे. मुलाच्या मनात बुलेट भरली आहे. मामा म्हणतो, "कोल्हापुरात जुनी गाडी स्वस्तात मिळते, तीच घेऊन टाक." शेजारी विचारतो, "लिटरला किती जाते ते बघितलंस का?" आई मात्र एवढेच विचारते, "पोरा, रात्री तू सुखरूप घरी येशील, ती गाडी कुठली?"

वास्तविक पाहता निवडीची सारी कसोटी आईच्या या प्रश्नात आहे.

एके काळी असा प्रश्न पडत नसे, कारण निवडीला वावच थोडा होता. 1955 साली मद्रासेस बुलेटची जुळणी सुरू झाली. लष्कर आणि पोलीस यांच्यामुळे ती लोकांच्या परिचयाची झाली. 1960 नंतर म्हैसूरची जावा आणि त्यामागोमाग राजदूत रस्त्यावर आली. जावा आणि राजदूत यांच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे. 1985 साली हीरो होंडाची शंभर सीसीची चार-स्ट्रोक गाडी आली, आणि थोड्या पेट्रोलवर लांबचा पल्ला गाठणारे वाहन सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात येऊ लागले. आज दुकानात पाऊल टाकताच दहा-वीस गाड्या समोर उभ्या असतात. पर्याय वाढले, त्याबरोबर मोहही वाढला.

तेव्हा पहिली कसोटी शरीराची. गाडीवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकतात काय? उभी गाडी थोडी कलली तर एकट्याला सावरता येते काय? बुलेटचे वजन सुमारे 195 किलो भरते. शंभर सीसीच्या स्प्लेंडरचे सुमारे 112. चालत्या गाडीवर हा फरक फारसा जाणवत नाही. परंतु बेळगावच्या गणपत गल्लीच्या गर्दीत, चढावर, एक पाय खड्ड्यात असताना तो चांगलाच जाणवतो. नवशिका बहुधा वेगात पडत नाही. तो उभे राहताना, वळताना, मागे घेताना पडतो. म्हणून जी गाडी हाताला ऐकते, तीच पहिली गाडी.

दुसरी कसोटी रस्त्याची. निपाणी ते कागल हे अंतर विसेक किलोमीटरांचे. त्यासाठी शंभर ते सव्वाशे सीसीची शक्ती पुष्कळ झाली. मात्र हा महामार्ग आहे, हे विसरून चालणार नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरांहून अधिक अंतर तोडते. समोरचे संकट दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत बहुधा एक सेकंद निघून जातो; गाडी थांबणे त्यानंतरचे. शिवाय वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या रात्री मागे दिवा नसताना पुढे चाललेल्या असतात. पावसाळ्यात शेतातून आलेल्या चाकांची काळी माती डांबरावर पसरते. बेळगावकडे निघाले तर तवंदी घाटाची वळणे आहेत. अशा ठिकाणी गाडी किती पळते, यापेक्षा ती किती लवकर थांबते हे महत्त्वाचे. 2019 पासून 125 सीसीहून मोठ्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. त्यामुळे जोराने ब्रेक दाबला तरी चाक अडकून घसरत नाही. लहान गाड्यांना निदान एक ब्रेक दाबला असता दोन्ही चाकांवर जोर वाटून देणारी व्यवस्था असावी लागते. दुकानदाराला मायलेज विचारावे, पण त्याआधी ब्रेक विचारावेत.

तिसरी कसोटी खिशाची आणि कागदांची. गाडीची किंमत म्हणजे केवळ फलकावरचा आकडा नव्हे. नोंदणी, कर, विमा आणि बँकेचा हप्ता हे सारे त्यात आले. मामाचा सल्ला काही वाईट नाही. नवशिक्याच्या हातून ओरखडे पडणारच, ते जुन्या गाडीवर पडलेले बरे. परंतु सीमाभागात जुनी गाडी घेताना मेस्त्रीला इंजिन दाखवावे, तसेच कागदही डोळसपणे पाहावेत. कोल्हापूरची एमएच-09 क्रमांकाची गाडी निपाणीच्या माणसाने कायमची घेतली, तर कोल्हापूरच्या परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला हवा. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. निपाणीकराला तो चिकोडीच्या कार्यालयातून, केए-23 या अक्षरांनी मिळतो, आणि कर्नाटकाचा करही भरावा लागतो. गाडीवर बँकेचे कर्ज असेल तर ते फिटल्याचा दाखला पाहिजे. विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. हा सारा खर्च मिळविला म्हणजे 'स्वस्त' गाडी खरोखर स्वस्त आहे की नाही, हे कळते.

आणि हिशेबात एक रक्कम आरंभीच वेगळी काढून ठेवावी: आयएसआय शिक्का असलेल्या शिरस्त्राणाची. मागे बसणाऱ्यासाठीही दुसरे घ्यावे. कायदा दोघांनाही लागू आहे. पोलिसाला दाखविण्यापुरते हलके टोपडे घेणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय.

गाडी घरी आली म्हणजे चालविता आली असे नाही. प्रथम शिकाऊ परवाना घ्यावा लागतो. तो हाती आल्यावर तीस दिवस गेल्याखेरीज पक्का परवाना मिळत नाही, आणि त्या काळात शिकविणाऱ्यावाचून कोणालाही मागे बसवता येत नाही. हे दिवस अडचणीचे न मानता अभ्यासाचे मानावेत. पहाटे मोकळ्या मैदानावर क्लच आणि गियर यांची जोड जमवावी. पुढचा आणि मागचा ब्रेक एकत्र, पण हळुवार दाबण्याची सवय हाताला आणि पायाला लावावी. मग गावातला रस्ता, आणि सर्वांत शेवटी महामार्ग. पहिल्या इयत्तेतले मूल सातवीचे पुस्तक दप्तरात घालून आले, तरी ते सातवीत जात नाही.

निपाणीच्या त्या घरात अखेर काय ठरावे? हलकी, सव्वाशे सीसीच्या आतली, ब्रेक चांगले असलेली, गावातल्या मेस्त्रीला दुरुस्त करता येईल अशी गाडी. आणि उरलेल्या पैशांत दोन शिरस्त्राणे. बुलेट काही पळून जात नाही. दोन-तीन वर्षे, दोन पावसाळे आणि दोन गळीत हंगाम याच रस्त्यावर काढल्यावर मुलाचे हात तयार होतील, हप्तेही फिटतील, आणि तेव्हा तो ती आपल्या कमाईने घेईल. तोवर रात्रपाळी सुटल्यावर दूधगंगेचा पूल ओलांडून येणाऱ्या त्याच्या गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला, की आईने विड्यांचे सूप बाजूला सारावे आणि जेवणाचे ताट वाढावे.