क्षय म्हणजे झीज, ती होते कशानं?



आम्ही डॉक्टर नव्हे, गिरणी कामगार. पाळी संपल्यावर वाचनालयात बसून जे वाचलं, ते आपल्या भाषेत सांगतो.

चाळीत कुणाला टीबी झाला की बघता बघता माणसाचा सापळा होतो. कुणी म्हणतं काळजीनं खंगला, कुणी म्हणतं करणी झाली. करणी-बिरणी काही नाही. या रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली जगाला दाखवला. तो फुप्फुसात ठाण मांडून बसला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर धावून जातात. लढायला त्यांना साखर लागते, ती त्या भसाभस जाळतात. त्यात ताप. ताप एक अंश सेल्सिअस चढला की शरीराचा खर्च सुमारे 10 टक्के वाढतो. आणि नेमकी त्याच वेळी भूक मरते! कारण या पेशी जी रसायनं सोडतात, त्यांचा निरोप मेंदूपर्यंत जातो. त्यातलं एक टीएनएफ. माणसाला झिजवणारं म्हणून ज्याला कॅकेक्टिन म्हणत, ते हेच, असं 1985 साली कळलं.

मग शरीर काय करतं? बॉयलरचा कोळसा संपला म्हणून खात्यातल्याच फळ्या उपटून भट्टीत घालाव्यात, तसं ते स्वतःचे स्नायू मोडतं. त्यातलं प्रोटीन यकृताकडे जातं, तिथं लढाईला लागणारी द्रव्यं तयार होतात. लोहसुद्धा शरीर दडवून ठेवतं, जंतूला मिळू नये म्हणून. त्यानं रोगी फिका पडतो. चार दिवसांच्या तापात हे भरून निघतं. महिनोन्महिने चाललं तर खातंच जळून जातं.

आणि आपण काय करतो? नुसती पेज देतो, अंडं ‘उष्ण’ म्हणून बंद करतो. बाईमाणूस आजारी असेल तर सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं. हे आम्हाला बिलकूल पटत नाही. डाळ, अंडी, शेंगदाणे, सुकट, जमेल ते थोडं थोडं, पण दिवसातून पाच-सहा वेळा द्या. औषधाला मात्र अन्न हा पर्याय नाही. डॉक्टर सांगतील तितके महिने गोळ्या घ्यायच्याच.

झारखंडमध्ये एक प्रयोग झाला. काही घरांत फक्त रोग्याला दरमहा रेशन दिलं, काही घरांत बाकीच्या माणसांनाही दिलं. 2023 साली निकाल छापून आला: सगळ्यांना रेशन मिळालेल्या घरांत नवा टीबी 39 टक्क्यांनी कमी!

सरकार टीबीच्या रोग्याला पोषणासाठी 2018 पासून महिना 500 रुपये देत होतं, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. पैसे बँक खात्यात येतात. ज्यांचं खातं नाही, त्यांनी रविवारी वंदनेनंतर थांबावं. फॉर्म आम्ही भरून देतो.