काउंटीचे दप्तर



   परिषदेच्या अध्यक्षाने वर्षातील संशोधनाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. इंग्रजांच्या अमेरिकेतील वसाहतींवर यंदा सादर झालेले निबंध मी वाचले. त्यांनी माझी एक जुनी तक्रार पुन्हा वर काढली. आज तीच मांडतो.

हे सारे निबंध ३० जुलै १६१९ ला, व्हर्जिनियातील जेम्सटाउनच्या चर्चमध्ये भरलेल्या प्रतिनिधिसभेपासून सुरू होतात आणि १७७६ ला पोहोचतात. मध्ये गव्हर्नर येतात-जातात, १६२२ चा पाउहाटन लोकांचा हल्ला येतो, गव्हर्नरविरुद्धचे बेकनचे बंड येते. माणसे ज्या दारात रोज उभी राहत, ते काउंटीचे न्यायालय कुठेच येत नाही.

१६३४ मध्ये व्हर्जिनियाचे आठ भाग पाडले गेले, त्यांच्याच पुढे काउंट्या झाल्या. तिथले न्यायाधीश निवडून येत नसत. गव्हर्नर त्यांना नेमत असे, आणि नेमत असे तो बहुतेक मोठ्या तंबाखू-मळेवाल्यांनाच. पगार नाही, कायद्याचे शिक्षण नाही. हेच लोक डोईपट्टी बसवत, मृत्युपत्रे नोंदवत, अनाथांची मालमत्ता पाहत, खानावळींना परवाने देत, मूल झालेल्या अविवाहित नोकराणीच्या चाकरीची मुदत वाढवत. पट्टी आणि दंड तंबाखूच्या पौंडांत. भाव पडला की घेणेकरी आणि देणेकरी दोघेही याच दारात. समाज, व्यापार आणि सत्ता एकाच बाकावर बसलेली दिसतात, ती इथे.

चेसापीक उपसागराच्या पूर्वेकडील चिंचोळ्या किनाऱ्याची दप्तरे १६३२ पासून सलग टिकली आहेत. सुरक्षित राहतील म्हणून रिचमंडला नेलेली कित्येक काउंट्यांची दप्तरे १८६५ च्या आगीत गेली, ही वाचली. त्यांत अँथनी जॉन्सन भेटतो. १६२१ मध्ये या वसाहतीत आणलेला हा आफ्रिकी माणूस १६५१ मध्ये अडीचशे एकरांचा धनी होता. आगीत त्याचे मोठे नुकसान झाले, तेव्हा १६५३ मध्ये याच किनाऱ्यावरच्या नॉर्थॅम्प्टन काउंटीच्या न्यायालयाने त्याची पत्नी मेरी आणि दोन मुली यांची पट्टी जन्मभर माफ केली. आफ्रिकी बायकांवर पट्टी, इंग्रज बायकांवर नाही, असा कायदा सभेने दहा वर्षांपूर्वीच केला होता. तरीही काउंटीने या तिघींना इंग्रज बायकांच्या रांगेत बसवले. १६५५ मध्ये जॉन्सनकडे राबणारा जॉन कॅसॉर हा आफ्रिकी मजूर म्हणाला, मी सात-आठ वर्षांच्या करारावर आलो आहे. त्याच न्यायालयाने त्याला जन्मभरासाठी जॉन्सनच्या ताब्यात दिले. जॉन्सन पुढे मेरीलँडला गेला आणि तिथेच वारला. १६७० मध्ये व्हर्जिनियाच्या त्याच किनाऱ्यावरच्या ज्यूरीने ठरवले की तो काळा, म्हणून परका, म्हणून त्याची मागे राहिलेली जमीन राजाकडे जाऊ शकते. या तीन नोंदींमध्ये सतरा वर्षे आहेत. या सतरा वर्षांत काय बदलले, हे सांगणारा एकही निबंध आपल्याकडे आलेला नाही.

कायदा आधी की व्यवहार आधी, यावर काल इथे बरीच खडाजंगी झाली. तालुक्याच्या गावी शिकवत असताना मी हाच प्रश्न वर्गात विचारला होता. एक मुलगा उठला. त्याच्या घरी बांधाचा दावा चालू होता. तो म्हणाला, “सर, आमच्याकडं फेरफार आधी होतो, कायदा आम्हाला मागनं कळतो.” माझ्यापुरता तो वाद त्या दिवशी मिटला. मूल आईचीच गुलाम वा मुक्त स्थिती घेते, हा व्हर्जिनियाचा कायदा १६६२ चा. कॅसॉरचा निवाडा त्याआधी सात वर्षे झाला होता. सभेने पुष्कळदा तेच लिहून काढले, जे काउंट्यांनी करून ठेवले होते.

स्थानिक कारभार म्हणजे किरकोळ बाब, असे आपले विद्वान म्हणतात. याच नॉर्थॅम्प्टनच्या लोकांनी १६५२ मध्ये निषेध नोंदवला: १६४७ पासून एक प्रसंग सोडला तर आमचा प्रतिनिधी सभेत बोलावला नाही, मग डोईमागे ४६ पौंड तंबाखू कशाबद्दल? बोस्टनच्या बंदरात चहा बुडवण्याआधी एकशेएकवीस वर्षे हा सवाल लेखी आहे. बेकनच्या बंडानंतर, १६७७ मध्ये, राजाच्या आयुक्तांनी काउंट्यांची गाऱ्हाणी मागवली, तेव्हा लोकांनी पट्टीचा हिशोब मागितला. ही बाब किरकोळ कशी?

एका विद्यापीठाच्या अभ्यासमंडळापुढे मी या दप्तरांसाठी निम्मे प्रकरण मागितले होते. हा विषय आपल्या मुलांच्या उपयोगाचा नाही, असे उत्तर मिळाले. मला ते आजही मान्य नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर सर टॉमस स्मिथ हाच पुढे व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार होता. सुरतेची वखार आणि जेम्सटाउनचा तंबाखू लंडनच्या एकाच वर्तुळातील माणसे पाहत होती. आणि एकेका कागदासाठी गावोगाव हिंडलेल्या इतिहासकार राजवाड्यांचे आपण वारस. महजर आणि निवाडपत्रे वाचणाऱ्यांनी परक्या देशाचा इतिहास मात्र पाठ्यपुस्तकातून उचलावा, याचे मला फार वाईट वाटते.

या दप्तरांतील निवडक निवाडे मराठीत यावेत. निदान एक छोटे पुस्तक, टिपांसह. शेजारी आपल्याकडचे त्याच काळातले निवाडे ठेवता आले तर आणखी चांगले. निवड कोणी करायची, खर्चाचे काय, हे कार्यकारिणीने पाहावे. माझ्याकडे आराखडा नाही. जे तरुण प्राध्यापक जुनी इंग्रजी वाचायला तयार असतील, त्यांनी दुपारच्या सत्रानंतर मला भेटावे.