अंगावरचा तीळ : शकुन आणि शास्त्र



अंगावर एकही तीळ नाही असा मनुष्य विरळाच. तळहातावर तीळ असला तर हाती पैसा टिकतो, तळपायावर असला तर पायाला भिंगरी लागते, असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. शकुन खरा की खोटा, हा वाद येथे नको. मात्र ज्या दोन जागांचे आपण एवढे कौतुक करतो, त्याच दोन जागांकडे वैद्यकशास्त्र अधिक सावधपणे पाहते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा एका ठिकाणी पुंजका झाला की तीळ दिसू लागतो. बहुतेक तीळ बालपणापासून तिशीपर्यंत उमटतात. सुश्रुतसंहितेत यांची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. तिळाएवढा, न दुखणारा, त्वचेच्या पातळीतला तो तिलकालक. उडदासारखा वर आलेला तो मशक. जन्मतःच असणारा तो जतुमणि. आपला 'मस' हा शब्द या मशकाचेच मराठी रूप होय.

बहुसंख्य तीळ जन्मभर निरुपद्रवी राहतात. पण याच रंगपेशींपासून मेलॅनोमा नावाचा कर्करोग उद्भवू शकतो. तो जुन्या तिळातच होतो असे नाही. पुष्कळदा कोऱ्या त्वचेवर नवाच डाग म्हणून येतो. तिळाचे दोन अर्धे एकमेकांशी जुळेनासे झाले, कापडावर शाई फुटावी तशी त्याची कड पसरू लागली, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसू लागले, आकार ६ मिलिमीटरहून मोठा झाला, किंवा तो काही महिन्यांत बदलू लागला, रक्त येऊ लागले, तर विलंब करू नये. यांतही 'बदल' ही खूण सर्वांत महत्त्वाची.

गौरवर्णीय लोकांत हा रोग उन्हाशी निगडित असून त्यांच्यात त्याचे प्रमाण पुष्कळ आहे. आपल्या सावळ्या वर्णात तो दुर्मीळ. पण होतो तेव्हा बहुधा तळपाय, तळहात व नखाखाली होतो. तेथे उन्हाचा संबंध नसतो. जमैकाचे विख्यात गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालील डाग प्रथम फुटबॉल खेळतानाची दुखापत वाटला. १९७७ मध्ये मेलॅनोमाचे निदान झाले आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, ते निवर्तले.

बीड जिल्ह्यातील शेतकरी, ऊसतोड कामगार यांच्या पायाला काटे, भेगा, कुरूप नित्याचेच. अनवाणी चालण्याने हा रोग होतो असे सिद्ध झालेले नाही. परंतु या गर्दीत एखादा काळा डाग सहज लपतो आणि 'काटा मोडला असेल' म्हणून वर्ष निघून जाते. अनवाणी विहार करणाऱ्या साधू-साध्वींच्या बाबतीतही हेच संभवते. मुनिश्रींची वैयावृत्य करताना श्रावकांनी आणि साध्वीजींची सेवा करताना श्राविकांनी तळपायाकडे एक नजर टाकली, तर त्यास वेगळा वेळ लागत नाही. घरातील वृद्धांचे तळपायही कोणी पाहत नाही. एकाच नखावर नवी काळी रेघ येऊन रुंद होत असेल, तिचा रंग शेजारच्या त्वचेवर उतरत असेल, तर तीही दाखवावी.

चुना आणि सोडा लावून तीळ जाळण्याची प्रथा अजूनही आढळते. सुश्रुतांनीही शस्त्र, क्षार व अग्नी सांगितले आहेत, पण ते जाणत्या वैद्याच्या हाती. घरी जाळलेल्या तिळाचा तपासणीसाठी तुकडाच उरत नाही, आणि आत रोग असल्यास तो वरून झाकला जातो. उलट, 'तीळ कापला की कॅन्सर होतो' ही भीतीही निराधार आहे. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हाच निदानाचा मार्ग. रोगाची खोली तेथे मिलिमीटरमध्ये मोजतात. तो उथळ असताना सापडला तर बहुधा शस्त्रक्रियेनेच काम भागते.

यासाठी प्रथम मुंबई गाठण्याची आवश्यकता नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखविता येते, आणि पुढील उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. जाताना डाग केव्हा दिसला आणि तेव्हा केवढा होता, एवढे आठवून जावे. जुने छायाचित्र असल्यास सोबत न्यावे.