गोलंदाज बाळू आणि आपले मत

(पोशीर येथील प्रौढ वर्गात केलेले भाषण)



आज नेरळला गाडीतून उतरून आम्ही पोशीरला पोचलो, तेव्हा वर्ग भरायला थोडा अवकाश होता. बाहेर मंडळी बसली होती. बोलणे निवडणुकीचे चालले होते. त्यांतल्या एका दादांनी आम्हांला विचारले, "गुरुजी, समजा एक गडी आहे. तरुणपणी त्यानं मैदान गाजवलं. पुढं धंदा केला, चार पैसे मिळवले. आता तो आमदारकीला उभा राहतो म्हणतो. अशाला मत द्यावं का?"

प्रश्न चांगला आहे. पण याचे उत्तर "द्या" किंवा "देऊ नका" असे एका शब्दात देता येत नाही. म्हणून आज आम्ही एका खेळाडूची खरी गोष्ट सांगणार आहोत. ती ऐका आणि उत्तर तुम्हीच काढा.

या खेळाडूचे नाव बाळू पालवणकर. जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराणे चर्मकार समाजातले. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानीत. वडील पलटणीत नोकरीला होते. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले.

पुण्यात बाळूंना क्रिकेटच्या मैदानावर नोकरी लागली. काम कसले? मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची. पगार महिना तीन रुपये. पुढे गोऱ्या साहेबांच्या क्लबात चार रुपये झाला. तिथे साहेब सराव करीत, तेव्हा बाळूंना चेंडू टाकायला सांगत. ग्रेग नावाचा एक नामांकित फलंदाज होता. म्हणतात की, बाळूंनी त्याला बाद केले की तो दर वेळी आठ आणे देई. तासन्‌तास चेंडू टाकून बाळूंचा डावा हात तयार झाला. पण बॅट काही त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी ही मोठ्या लोकांची मिरास होती.

पुण्याच्या हिंदू मंडळींना गोऱ्यांना हरवायचे होते. त्यासाठी बाळू हवे होते. पण शिवाशिवीचे काय करायचे? शेवटी तोड निघाली. मैदानात बाळूंनी टाकलेला चेंडू सगळ्यांना चाले. चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसून चहा पीत, आणि बाळूंना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणही वेगळे. बघा, चेंडूला विटाळ नव्हता, चहाला मात्र होता!

बाळूंनी मात्र खेळ सोडला नाही. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले. त्या विजयात बाळू आणि शिवराम या दोघा भावांचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांबरोबर हिंदुस्थानचा संघ विलायतेला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले. परत आल्यावर त्यांचे सत्कार झाले. तरुण आंबेडकरांनाही त्यांचा फार अभिमान वाटे. एवढे झाले, तरी संघाचे कप्तानपद बाळूंना मिळाले नाही. ते पुढे १९२३ साली त्यांचा भाऊ विठ्ठल याला मिळाले. म्हणजे एका भावाने वाट पाडली, दुसरा त्या वाटेने चालत गेला.

खेळ संपल्यावर बाळू सार्वजनिक कामात आले. सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार झाला. त्या करारावर त्यांचीही सही आहे. मग १९३७ साल उजाडले. मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक आली. आज आपण ज्याला राज्याचे राजकारण म्हणतो, त्याची ही मोठी सुरुवात होती.

भायखळा-परळ भागात गिरणी कामगारांची दाट वस्ती. तिथल्या राखीव जागेसाठी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आदल्याच वर्षी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने बाळू पालवणकरांना उभे केले.

आता त्या वेळच्या मतदाराच्या जागी तुम्ही उभे राहा. एका बाजूला बाळू. ज्यांची गोलंदाजी लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली, ज्यांनी अपमान गिळून देशाचे नाव केले, ते बाळू. दुसऱ्या बाजूला बाबासाहेब. दोघांनीही अस्पृश्यतेचे चटके सोसलेले. दोघेही मानाची माणसे. मत कोणाला द्याल?

मते मोजली. आंबेडकरांना १३,२४५ मिळाली आणि बाळूंना ११,२२५. फरक फक्त २,०२० मतांचा.

यावरून दोन गोष्टी दिसतात. अकरा हजारांवर लोकांनी बाळूंना मत दिले. त्यांत पक्षाचे जोर असेलच. पण बाळूंचे नाव लहान नव्हते, हेही खरे. आणि तेरा हजारांवर लोकांनी दुसऱ्याला मत दिले. त्यांना बाळूंचा खेळ आवडत नव्हता असे नव्हे. टाळी आणि मत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. टाळी झालेल्या कामासाठी असते. मत पुढच्या कामासाठी असते.

निवडून आल्यावर बाबासाहेबांनी काय केले, तेही सांगितले पाहिजे. आपल्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. कुलाबा आणि रत्नागिरीत बऱ्याच गावांवर खोतांचा अंमल होता. खोत सरकारसाठी सारा वसूल करी आणि कुळांकडून त्याहून कितीतरी जास्त उकळी. वेठबिगारही घेई. अलिबागकडच्या चरी गावी तर शेतकऱ्यांनी १९३३ सालापासून संप धरला होता. शेते पडीक ठेवली, उपास काढले, पण ते हटले नाहीत. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती बंद करण्याचे बिल विधानसभेत मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत विधानसभेवर मोर्चा नेला. ते बिल काही तेव्हा पास झाले नाही. पण प्रश्न दाबून टाकणे मग कोणाला जमले नाही. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली.

परळच्या चाळीत राहणाऱ्या कितीतरी गिरणी कामगारांचे घरदार कोकणात होते. त्यांच्या मताचा धागा असा गावाकडच्या शेतापर्यंत आला. आमदार म्हणजे काय, हे यावरून कळते. तो नुसता मानाचा पाहुणा नव्हे. तो कायदा करणारा माणूस आहे.

बाळूंचा पराभव झाला, म्हणून त्यांची थोरवी कमी झाली नाही. १९५५ साली ते वारले. त्यांचे नाव आजही आदराने घेतात. निवडणूक हरणे ही काही अब्रू जाणे नव्हे. हेही आपल्या गावात लक्षात ठेवण्याजोगे आहे. पंचायतीची निवडणूक झाली की भावकी भावकीशी बोलत नाही, असे होऊ नये.

आता दादांच्या प्रश्नातला दुसरा भाग घेऊ. तो धंद्याचा. बाळूंपाशी पैसा नव्हता. पण खेळाडू, मग धंदेवाला, मग राज्यकर्ता, असा माणूसही जगात होऊन गेला आहे. त्यासाठी आपल्याला दूर अमेरिकेत जावे लागेल.

अर्नोल्ड श्वार्झनेगर हा ऑस्ट्रिया देशातल्या एका खेड्यातला मुलगा. जन्म १९४७ सालचा. व्यायामाने त्याने असे शरीर कमावले की जगात नाव झाले. १९६८ साली तो अमेरिकेत गेला. तिथे मित्राबरोबर गवंडीकामाचा धंदा काढला. १९७१ साली त्या भागात भूकंप झाला, भिंती पडल्या, आणि यांना कामच काम मिळाले. त्या पैशातून त्याने घरे घेतली, भाड्याने दिली, विकली. मग सिनेमात गेला. २००३ साली कॅलिफोर्निया राज्याच्या लोकांनी आपला गव्हर्नर मुदतीआधी मत देऊन काढला आणि याला निवडले. तिथे गव्हर्नर म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा. २०११ च्या जानेवारीपर्यंत तो त्या जागेवर होता.

त्याने चांगली कामे केली नाहीत असे नाही. हवेचे प्रदूषण रोखणारा एक मोठा कायदा त्याच्या सहीने झाला. पण २००८ साली जगभर मंदी आली. राज्याची तिजोरी रिकामी पडली. २००९ साली त्या श्रीमंत राज्याला काही देणेकऱ्यांना पैशांऐवजी "पुढे देऊ" अशा वायद्याच्या चिठ्ठ्या द्याव्या लागल्या. धंद्यात हुशार असलेल्या माणसालाही ते टाळता आले नाही. कारण दुकान एकाच्या मर्जीने चालते. राज्य तसे चालत नाही. तिथे सभागृह असते, विरोधक असतात, कायदे असतात. न पटणाऱ्या माणसालाही बरोबर घ्यावे लागते.

म्हणून मंडळी, खेळाडू उभा राहिला तर त्याला हसू नका. खेळाडूला शिस्त असते, हार पचवण्याची ताकद असते. धंदेवाला उभा राहिला तर तो चोरच, असेही म्हणू नका. पण धंदेवाल्याला एक प्रश्न जास्त विचारा. "तुमचा धंदा आणि आमचे काम एकमेकांच्या आड आले, तर तुम्ही कोणाची बाजू घ्याल?"

कायद्यानेही याचा विचार केला आहे. माल पुरवण्याचा किंवा काम करण्याचा सरकारशी ज्याचा धंद्यातला करार चालू आहे, त्याला त्या सरकारच्या विधानसभेला उभे राहता येत नाही. शिवाय प्रत्येक उमेदवाराला प्रतिज्ञापत्र भरावे लागते. त्यात त्याची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि त्याच्यावरचे खटले लिहिलेले असतात. हा कागद गुप्त नाही. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत तो लावतात. मोबाईलवरही पाहता येतो. आजवर हा कागद दुसरा कोणी वाचून सांगे, आणि त्याला सोयीचे तेवढेच सांगे. आता तुम्ही स्वतः वाचाल. एकट्याला अवघड वाटले तर चौघे मिळून वाचा. अडेल तो शब्द वर्गात घेऊन या.

आणि विधानसभा आपल्यापासून लांब आहे, असे समजू नका. कर्जत तालुका आणि खालापूरचा काही भाग मिळून आपण एक आमदार निवडतो. सगळ्या राज्यात असे २८८ आहेत. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने आपल्या तालुक्यातल्या पोशीर आणि शिलार या धरण प्रकल्पांना मान्यता दिली. पाणी मुंबईभोवतालच्या शहरांना आणि कारखान्यांना जायचे आहे. नदी आपली, डोंगर आपले. जमीन कोणाची जाणार? मोबदला किती, आणि कधी? उन्हाळ्यात आपल्या वाड्यांवरच्या बायांच्या डोईवरचा हंडा उतरणार की नाही? उमेदवार दारी आला की हे विचारा. त्याने किती मेडल मिळवली ते त्याची माणसे सांगतीलच. तुम्ही या प्रश्नांचे उत्तर मागा.

शेवटी एकच गोष्ट सांगतो. १९३७ साली सगळ्यांना मत नव्हते. जमीन, कर, भाडे, शिक्षण अशा अटी होत्या. गरीब आणि अडाणी माणूस बहुधा बाहेरच राही. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ साली, सर्व प्रौढ बायाबापड्यांना मत मिळाले. वाचता न येणाऱ्यांसाठी पेट्यांवर चित्रे लावली होती. ती सोय चांगली होती. पण चित्रावर काही प्रश्नाचे उत्तर लिहिलेले नसते.

आता यंत्राचे बटण दाबले की शेजारच्या पेटीत काचेआड एक चिठ्ठी सात सेकंद दिसते. तिच्यावर उमेदवाराचे नाव असते. सात सेकंद म्हणजे थोडा वेळ. पण या वर्गातल्या आजीबाईंनी आज फळ्यावरचे "पालवणकर" हे नाव त्याहून लवकर वाचले! मग पुढच्या वेळी ती चिठ्ठी वाचा. आपण ज्याला नेमले त्याचेच नाव आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि मगच बाहेर या.