आडनाव एक, घराणी अनेक



आगाशीच्या बाजारातून नंदाखालकडे निघालात, तर घरांवरच्या पाट्या जरूर वाचा. वर्तक, पाटील, म्हात्रे आणि त्यांच्या शेजारी लोपीस, परेरा, रॉड्रिग्ज, तुस्कानो. परगावच्या पाहुण्याला वाटते, ही मंडळी पोर्तुगीजांचे वंशज असावीत. तसे नाही. माणसे इथलीच, बोली इथली, बागायतही इथली. आडनाव तेवढे समुद्रापलीकडून आलेले. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, यातच सगळे आले.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत ज्यांनी धर्म बदलला, त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी नवे नाव मिळाले. आडनाव बहुधा धर्मपित्याचे, नाहीतर बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचे. अर्थ पाहिले तर मौज वाटते. परेरा म्हणजे नासपतीचे झाड, कार्व्हालो म्हणजे ओक, सिल्वा म्हणजे रान, मचाडो म्हणजे कुऱ्हाड. केळीच्या बागांच्या आणि सुकेळ्यांच्या गावात नासपती आणि ओक रुजले ते असे!

पण यातून एक पेच उभा राहतो. एकाच धर्मपित्याकडून आडनाव घेतलेल्या दोन कुटुंबांत रक्ताचे नाते असेलच असे नाही. उलट सख्ख्या भावांना दोन आडनावे मिळाली असतील, तर त्यांचे वंशज आज एकमेकांना परके समजत असतील. लग्न ठरवताना हा प्रश्न नुसता हौसेचा राहत नाही. चुलत, मामे, आत्ये, मावस भावंडांचा विवाह चर्चच्या कायद्याने खास परवानगीशिवाय होत नाही. पूर्वी ही मर्यादा आणखी एका पिढीने दूर होती. म्हणून जुनी माणसे स्थळ सांगून आले की आडनावावर थांबत नाहीत. ‘ते राहू दे, घर कोणतं?’ असे विचारतात. एखाद्या पूर्वजाच्या नावावरून, धंद्यावरून, विहिरीवरून पडलेले घराचे नाव हीच खरी खूण.

हा प्रकार आपल्याकडेच आहे असे नव्हे. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात फ्रान्सहून गेलेल्या कुटुंबांची अशीच जोडनावे असत. मूळ आडनावापुढे ‘दी’, म्हणजे ‘म्हणवला जाणारा’, असे लिहून दुसरे नाव जोडायचे. अनेक शिपायांना ती पलटणीत मिळाली. लाफ्लर म्हणजे फूल, हे त्यांतलेच. पुढे एका शाखेने मूळ नाव ठेवले, दुसरीने टोपणनाव. तरीही तिथला माणूस सतराव्या शतकापर्यंत पोचू शकतो, कारण चर्चच्या नोंदवह्यांच्या दोन प्रती होत आणि एक सरकारात जमा होई.

आपल्याकडे १७३९च्या धामधुमीत पाद्री निघून गेले, अनेक चर्चे ओस पडली. म्हणून शोध पोर्तुगीज अमदानीपासून सुरू करू नका. आजोबांपासून मागे जा. बाप्तिस्मा झाला त्या चर्चच्या नोंदवहीत आईवडिलांची आणि धर्ममातापित्यांची नावे असतात, पुढच्या लग्नाची नोंदही तिथेच केली जाते. धर्ममातापिता बहुधा नात्यातले, त्यांच्याकडे काणाडोळा करू नका. जमिनीचे जुने फेरफार पाहा. पालघर जिल्हा २०१४ साली झाला. त्याआधीच्या सरकारी कागदांवर ठाणे जिल्हा असेल. एकच माणूस चर्चमध्ये मॅन्युएल आणि तलाठ्याकडे मानवेल असा सापडला, तर दचकू नका.

घराचे नाव मात्र यातल्या कितीतरी कागदांवर नसते. ते जिभेवर असते. वाड्या जाऊन इमारती आल्या, पत्त्यात विंग आणि फ्लॅट नंबर आले. त्यामुळे या रविवारी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईकडे वही घेऊन बसा. बाईच म्हणतो, कारण तिला दोन घरांची नावे ठाऊक असतात, माहेरचे आणि सासरचे. शिवाय कोणाचे स्थळ का मोडले, हेही तिलाच आठवते.