रिपोर्ट नॉर्मल, पण बोट सुजलेले
(आरोग्य शिबिराच्या प्रसंगी केलेले भाषण)



शिबिरात आमच्याकडे येणारी मंडळी आधी रिपोर्टचा कागद पुढे करतात, मग अंग दाखवतात. मागच्या खेपेस एका ताईंनी तसेच केले. कोपरांवर पांढुरक्या खपल्यांचे जुने चट्टे, आणि आता उजव्या हाताचे मधले बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलेले. सकाळी तासभर मूठ मिटत नाही. "पण ई.एस.आर. नॉर्मल आहे, आर.ए. टेस्ट निगेटिव्ह आहे. वात नाही म्हणाले!" या 'नॉर्मल'विषयीच आम्हाला बोलायचे आहे.

उभ्या नळीत रक्त ठेवून तांबड्या पेशी एका तासात किती मिलिमीटर खाली बसतात, ते मोजणे म्हणजे ई.एस.आर. शरीरात दाह असला की रक्तात काही प्रथिने वाढतात, पेशी एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली बसतात. परंतु वाढते वय, गरोदरपण, अंगात रक्त कमी असणे यांनीही हा आकडा वाढतो. आपल्या भगिनींत रक्तक्षय किती आहे, हे सांगायला नकोच. (ई.एस.आर. वाढला की टी.बी.च, ही समजूतही सोडून द्यावी.) सी.आर.पी. हे यकृतात तयार होणारे प्रथिन. १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांवरील संशोधनातून त्याचा शोध लागला. दाह होताच ते काही तासांत वाढते आणि शमला की लवकर उतरते. म्हणून औषध लागू पडते की नाही, हे पाहायला त्याचा उपयोग जास्त. तथापि जंतुसंसर्गानेही ते वाढते, लठ्ठपणातही थोडे चढलेले असते.

सोरायसिसच्या सांधेदुखीत मात्र जवळजवळ निम्म्या रुग्णांत या दोन्ही चाचण्या नॉर्मल येतात. आर.ए. फॅक्टर तर बहुतेकांत निगेटिव्हच असतो. या आजारासाठी २००६ साली 'कास्पार' नावाचे निकष प्रसिद्ध झाले. त्यांत चट्टे, नखांवरचे खड्डे, सबंध सुजलेले बोट, एक्स-रे आणि आर.ए. निगेटिव्ह असणे यांना गुण आहेत, ई.एस.आर. व सी.आर.पी. यांना एकही नाही! उलट, सोरायसिसमध्ये युरिक अॅसिड वाढलेले असू शकते आणि मग पुष्कळदा गाऊटचेच औषध सुरू होते. अशात सहा महिने गेले तरी सांधा कायमचा झिजू शकतो.

ताईंनी आणखी एक गोष्ट हळूच सांगितली. घरात त्यांचा पेला वेगळा ठेवला आहे. बंधूंनो, वेगळा पेला म्हणजे काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांना विचारायला हवे होते. सोरायसिस स्पर्शाने होत नाही, उष्ट्यानेही होत नाही. अंगभर फोड येऊन सडलेल्या तिस्स भिक्षूला सोबत्यांनी टाकून दिले, तेव्हा भगवंतांनी स्वतः पाणी तापवून त्याला न्हाऊ घातले. तेव्हा कोणाची लॅब होती?

ताईंना आम्ही सांधेतज्ज्ञांकडे पाठविले. त्यांना मेथोट्रेक्सेट सुरू झाले आहे. ही गोळी आठवड्यातून एकाच ठरलेल्या वारी घ्यायची; चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. ती चालू असेपर्यंत रक्तपेशी आणि यकृत यांची तपासणी ठरल्या वेळी करायची. इथे मात्र रिपोर्टचा कागद चुकवायचा नाही. आम्ही ताईंना गोळीचा वार कॅलेंडरवर लाल पेनने लिहून दिला आहे.