जत्रेची परवानगी आणि गावाची तयारी
(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरात आली, की चैत्रात गावोगावच्या यात्रा-जत्रा सुरू होतात. पंच मंडळी अर्ज देतात, परवानगी येते, मंडप उभा राहतो. परंतु परवानगी मिळाली म्हणजे धोका टळला असे नव्हे. अर्ज लिहिण्यापूर्वी काय करावे, एवढेच आज सांगणार आहे.

२५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातील मांढरदेव येथे काळुबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे ३०० भाविक दगावले. अरुंद वाट, कडेला दुकाने, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि त्यातच दुकानांना लागलेली आग! वाटेची रुंदी आणि दुकानांची जागा तर आदल्या दिवशीही पाहता आली असती.

त्याच वर्षी डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, तर सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असतात. जिल्ह्याच्या आराखड्याचा दरवर्षी आढावा घ्यावयाचा असतो. ग्रामपंचायतीवरही या कायद्याने जबाबदारी टाकली आहे. पण तुमच्या शिवारातील कोणती विहीर बिनकठड्याची आहे, हे जिल्ह्याच्या कचेरीत कोणास कळणार? ते तुम्हालाच ठाऊक.

म्हणून जत्रेपूर्वी महिनाभर ग्रामसभेत पुढील गोष्टी ठरवाव्यात :

१) देवळाकडे येण्याची व जाण्याची वाट वेगळी ठेवावी. वाटेवर दुकान लावू देऊ नये. जागाभाड्याचे उत्पन्न थोडे बुडेल, ते बुडू द्यावे.

२) वाहनतळाच्या शेतातील धसकटे व पाचट आधी काढून घ्यावे. वाळलेल्या काडीवर गाडीची तापलेली धुराडी टेकली, तर आग लागते. कडब्याच्या गंजी आणि चुली दूर असाव्यात.

३) काळ्या जमिनीत वाहने लावायची असल्यास त्या शेताचे पाणी आधीच तोडावे. ओल्या रानात चाके रुततात व जमीन घट्ट होते. जत्रा उलगडल्यावर वापसा पाहून नांगरट करावी.

४) उघड्या विहिरींभोवती बांबूचे कुंपण घालावे. विजेच्या तारांखाली मंडप नको.

५) रुग्णवाहिकेसाठी एक रस्ता मोकळा राखावा आणि तो कोण राखणार, त्याचे नावही लिहावे.

बैलगाडा शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. राज्याने २०१७ मध्ये केलेली कायद्यातील दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरविली. तेथेही बैलांच्या धावेपासून प्रेक्षक किती अंतरावर राहतील, हे आधी जागेवर आखून घ्यावे.

हे सर्व ठरावात नोंदवून, शिवाराचा हाताने काढलेला नकाशा अर्जासोबत जोडावा. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यास त्यामुळे नेमके काय तपासायचे ते कळेल, आणि गावालाही आपण काय कबूल केले याची आठवण राहील. पाहुणे आपल्या भरवशावर येतात. जसे आले तसे ते सुखरूप घरी पोचावेत, ही जबाबदारी यजमान गावाचीच आहे.